हा फोन कोणाचा आहे?

उल्काला नाशिक सोडून रायपूरला येऊन दोन वर्षं आणि दोन महिने झाले होते, तेव्हा तिच्या फोनवर ती सूचना आली. सोमवार होता. तेलीबांध्याच्या थांब्यावरून ऑफिसची बस नुकतीच सुटली होती. नवा रायपूरपर्यंत पाऊण तास जायचं, म्हणून उल्का रोजच्यासारखी डावीकडच्या खिडकीशी बसली, कानात इअरफोन घातले आणि गाण्यांचं अ‍ॅप उघडलं. पांढऱ्या पडद्यावर एक ओळ आली : हे उपकरण आता या खात्याशी जोडलेलं नाही.

तिला आधी नेटवर्कचा घोळ वाटला. तिनं फोन बंद करून चालू केला. पुन्हा लॉगिन केलं तेव्हा दुसरी ओळ आली. तुमच्या खात्यावरच्या पाचही उपकरणांच्या जागा भरलेल्या आहेत, काढलेलं उपकरण तीस दिवसांनी पुन्हा जोडता येईल. खाली पाच नावं होती : ओजसचा फोन, ओजसचा टॅब, बाबा, हॉल स्पीकर, यामिनी. बस विमानतळाच्या वळणापर्यंत पोचली तरी ती त्या यादीकडे बघत होती. खातं तिच्या नावाचं होतं. तिच्याच ईमेलवर ते काढलेलं होतं. आणि यादीत ती नव्हती.

उल्का केंद्र सरकारच्या भूजल खात्यात वैज्ञानिक. वयाची पन्नाशी गाठता गाठता बढती मिळाली आणि बढतीबरोबर रायपूर. तेव्हा मुलगा ओजस बारावीत होता, त्यामुळे तो आणि नवरा सुधाकर नाशिकला राहतील आणि उल्का एकटी पुढे जाईल, असं सगळ्यांनी बसून ठरवलं. थोरली यामिनी नाशिकमधेच एका छोट्या कंपनीत होती. पण उल्का इकडे आली आणि मागोमाग वर्षभरात घर रिकामं झालं. यामिनीला बंगळुरूला नोकरी लागली, ओजस इंजिनीअरिंगला पुण्याच्या होस्टेलवर गेला. चार माणसं चार गावांत. तंत्रनिकेतनात गणित शिकवणारा सुधाकर तेवढा नाशिकच्या घरात उरला. त्याची कुणाला काळजी नव्हती. त्याची कॉलेजची सकाळपाळी, संध्याकाळचे फिरायला जाणारे मित्र, घरकामाला येणाऱ्या बाई, सगळं जागच्या जागी होतं. “माझं काय, मी मजेत,” असं तो दर रविवारी फोनवर म्हणायचा आणि उल्का ते खरं धरायची.

गाण्यांचं खातं त्या आधीचं, सगळे एका छपराखाली असतानाचं. एकच खातं, पाच उपकरणं. सगळ्यांचं खातं एक म्हणून ‘नुकतंच ऐकलेलं’ ही यादीही एकच. कुणीही कुठंही गाणं लावलं की ते तिथं सगळ्यांत वर येऊन बसायचं. घरात असताना त्या यादीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. रायपूरला आल्यावर मात्र उल्काला तिची सवय लागली. सकाळी बसमधे बसलं की आधी यादी बघायची. ओजसची गाणी लगेच ओळखू यायची, ढोल बडवल्यासारखी, एकामागून एक पंचवीस. परीक्षा आली की ती कमी व्हायची.

आणि गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून यादीत आणखी एक माणूस यायला लागलं होतं.

ती गाणी वेगळीच होती. जुनी, संथ, बहुतेक बायकांच्या आवाजातली. नदीपलीकडच्या गावाबद्दलचं एक भावगीत होतं, ते एका दुपारी अकरा वेळा वाजलं होतं. कधी नुसती बासरी. उल्कानं पहिल्यांदा ते पाहिलं आणि तिला यामिनीच आठवली. यामिनीच्या बोलण्यातून शिशिर हे नाव त्याच सुमाराला नाहीसं झालं होतं. शिशिर तिच्या कॉलेजातला मित्र, दोघं लग्न करणार असं घरात अर्धंमुर्धं ठाऊक होतं. उल्कानं एकदा आडून विचारलं, तर यामिनी फटकन म्हणाली होती, “आई, तो विषय नको.” मग उल्कानं तो विषय काढला नाही. ती रोज बसमधे तीच गाणी ऐकायला लागली. लेक ज्या गाण्यावर थांबली असेल त्यावर आपणही थांबायचं. खिडकीबाहेर रुंद मोकळे रस्ते आणि नवी सरकारी भवनं सरकत राहायची, आणि तिला वाटायचं, यामिनी शेजारी बसली आहे, बोलत नाही, पण बसली आहे.

एक दिवस तिनं धीर करून स्वतःहून एक गाणं लावलं. तिच्या माहेरी सकाळी रेडिओवर लागायचं तसलं, हलकं, उजेडाचं. आपलं गाणं यादीत सगळ्यांत वर दिसेल, एवढ्यासाठीच लावलं. दुसऱ्या दिवशी बघते तर ते गाणं दुपारी पुन्हा वाजलेलं. कुणीतरी ऐकलं होतं. उल्का त्या दिवशी ऑफिसात उगाच सगळ्यांशी हसून बोलत होती. तेव्हापासून रोज सकाळी ती एक गाणं लावायची आणि दुपारी ते ऐकलं जायचं, त्याच्या मागोमाग आणखी एखादं यायचं, तिच्यासाठीच ठेवल्यासारखं. असं वर्षभर चाललं. यामिनीला तिनं हे कधीही बोलून दाखवलं नाही. आई यादी बघते हे कळलं तर पोरगी सावध होईल, बंदच करेल, ही भीती.

तर आता ते दार बंद झालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं ओजसला फोन केला.

“अगं, तो तुझा होता?” ओजस म्हणाला. “मी नवा टॅब घेतला ना, तो जोडताना एक काढ म्हणाला. सगळ्यांची नावं होती, एकावर नुसता मॉडेल नंबर. मी ग्रुपवर फोटो टाकून विचारलं होतं, हा फोन कोणाचा आहे?”

“मला कुठं दिसलं?”

“शुक्रवारी टाकलं होतं. बाबा म्हणाले माझा नाही. ताईनं पण नाही म्हणून टाकलं. मग मला वाटलं जुना असेल कुठलातरी. तू कधी घेतलास नवा फोन?”

जुलैत घेतला होता. एका बोअरवेलवर पाण्याची पातळी मोजताना जुना फोन हातातून सुटून चिखलात पडला, म्हणून पंडरीच्या बाजारातल्या एका दुकानातून तिनं घाईत नवा घेतला होता. घरी सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आणि शुक्रवारी ती कांकेरच्या पुढे कामावर होती, रेंज नव्हती. रविवारी ग्रुप उघडला तेव्हा त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कुणाकुणाचे फोटो साठले होते, तो प्रश्न कुठंतरी वर गेला होता.

“सॉरी ना आई. तीस दिवसच थांबायचंय. तोवर दुसरं एखादं फुकटातलं घे. तसंही तू कुठं फार ऐकतेस?”

“बरं,” उल्का म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं ग्रुपवर ते बोलणं शोधून काढलं. हा फोन कोणाचा आहे? त्याखाली सुधाकरचं ‘माझा नाही’. त्याखाली यामिनीचं ‘नाही’. मग ओजसचं ‘ओके, काढतो’. सगळं मिळून सहा मिनिटांत. आईचा असेल का, असं तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. यात कुणाचा काही वाईट हेतू नाही, हे तिला समजत होतं. समजत होतं तरी ती ते बोलणं तीनदा वाचून मगच उठली.

ती राहायची ती खोली मेश्राम दांपत्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर होती. देवीदास मेश्राम रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांची बायको माया मूळची भंडाऱ्याकडची, तिची लग्नानंतरची चाळीस वर्षं रायपुरात गेली होती. ती दोन दिवसांनी वाटी घेऊन वर आली.

“लाल भाजी केली होती, म्हटलं म्याडमले द्यावी. काहून, तब्येत बरी नाही का? दोन दिवस झाले, तुमचा चेहरा उतरून राहिला.”

“नाही मायाताई, काही नाही. फोन जरा बिघडला होता.”

“हव? मंग पिंकीले दाखवा न. आमची नात आहे, तिले सगळं समजते. मले काही समजत नाही बा. मी त हिरवं बटण दाबतो अन् बोलतो.”

उल्का हसली. भाजीची वाटी घेतली, रिकामी वाटी परत दिली. माया थोडा वेळ दारात उभी राहिली, आत एकच खुर्ची होती म्हणून असेल, किंवा उल्का या म्हणाली नाही म्हणून असेल. मग खाली गेली.

दिवस जायला लागले आणि उल्काला कळलं, आपण त्या यादीवर किती रेलून होतो. विहिरींच्या पातळ्यांचे आकडे बघून खाली पाणी कुठून कुठे सरकतंय ते सांगायचं, हे तिचं कामच होतं, आणि घराचंही ती तसंच करत आली होती. आता आकडेच बंद झाले. शनिवारी तिनं यामिनीला फोन केला.

“कशी आहेस?”

“बरी आहे. मीटिंगमधे आहे गं आई.”

“शनिवारी?”

“हो, शनिवारी. काय झालं? काही काम होतं?”

“नाही. सहज.”

“मग नंतर करते.”

नंतर तो फोन आला नाही. उल्का तेलीबांध्याच्या तळ्याकाठी जाऊन दोन फेऱ्या मारून आली. तिथं शनिवारची ही गर्दी, फुगे, भेळ, हातगाड्यांवरची गाणी, फोटो काढणारी पोरं. ओळखीचं एकही माणूस भेटलं नाही. यामिनीचा आवाज दबलेला होता की खरंच घाईतला, हे तिला ठरवता येईना. पूर्वी ती यादी उघडून ठरवू शकली असती.

रविवारी सकाळी तिनं अ‍ॅपवाल्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बऱ्याच वेळानं एका मुलीनं उचलला. नाव दीपमाला सांगितलं. उल्कानं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, “मैम, तीस दिन से पहले ये डिवाइस हम नहीं जोड़ सकते. लेकिन अकाउंट आपका है, तो आपके पास एक ऑप्शन है. सारे डिवाइस एक साथ हटा सकती हैं. साल में सिर्फ़ एक बार. फिर सबको नए सिरे से लॉगिन करना पड़ेगा, और ओटीपी आपके नंबर पर आएगा.”

“सगळेच... सब निकल जाएँगे?”

“जी मैम, सब. घर में पहले बता दीजिएगा.”

उल्कानं घरी काही सांगितलं नाही. चहा केला, प्यायली, कप विसळला. मग दीपमालानं सांगितलं तिथं जाऊन ते बटण शोधलं. सगळी उपकरणं काढायची का, असं दोनदा विचारून अ‍ॅपनं पाचही नावं पुसून टाकली. यादी कोरी झाली. पहिल्या जागी तिनं स्वतःचा फोन जोडला आणि या खेपेला त्याला नाव दिलं : आई.

चार मिनिटांत फोन वाजला. ओजस.

“आई, तू काही केलंस का? मी जिममधे आहे, मधेच सगळं बंद पडलं. आता ओटीपी मागतंय.”

“आलाय. सांगते.”

तिनं सहा आकडे सांगितले. मग टॅबसाठी पुन्हा सहा. त्या दोन आकड्यांच्या मधल्या वेळात ओजसनं सांगितलं की मेसमधे आता अंडी मिळायला लागली आहेत आणि त्याचा रूममेट रात्रभर घोरतो. एरवी एवढंसुद्धा तो सांगत नसे. “चल, ठेवतो,” म्हणून त्यानं ठेवला. तिला जरा शरम वाटली आणि बरंही वाटलं.

मग ती यामिनीच्या फोनची वाट बघत बसली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. रविवार म्हणजे झोपली असेल. बारा वाजता न राहवून तिनंच लावला.

“यामिनी, तुझं गाण्यांचं बंद पडलं असेल बघ. ओटीपी देते, लॉगिन करून घे.”

“कशाचं गाण्यांचं?”

“अगं, आपलं घरचं खातं.”

“ते होय? आई, मी ते वापरतच नाही. बंगळुरूला आले तेव्हापासून नाही. ऑफिसकडून दुसरं मिळालंय. आणि तो फोनसुद्धा मी नवा घेताना बदल्यात देऊन टाकला, त्याचं नाव अजून आहे का तिथं? काढायला पाहिजे होतं.”

उल्का पलंगाच्या कडेवर बसली. “म्हणजे दीड वर्ष?”

“हो, असेल. का गं?”

“मग तू... ठीक आहेस ना? शिशिरचं वगैरे?”

पलीकडे यामिनी हसली. “आई, ते कधीच संपलं. मी रडले पण होते, दोन आठवडे. आता मी बरी आहे. तू त्याचाच विचार करत बसली होतीस?”

“नाही, नाही. सहज.”

फोन ठेवल्यावर उल्काला सगळ्यांत आधी राग आला, आणि तो कुणावर आला ते तिला कळेना. लेक बरी आहे, केव्हाचीच बरी आहे, याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. वर्षभर आपण कुणाशेजारी बसत होतो मग? ओजसची ती गाणी नव्हेत. राहता राहिला सुधाकर. पण सुधाकरनं सत्तावीस वर्षांच्या संसारात आपल्या हातानं एक गाणं लावलं नव्हतं. तिनं रेडिओ लावला की तो पेपर घेऊन गॅलरीत जायचा. ‘ही काय पीरपीर,’ म्हणायचा. आणि दुपारी तर तो झोपायचा, त्यानंच सांगितलं होतं.

दुपारी. ती गाणी दुपारची असायची.

तिनं भात लावला आणि जेवली नाही. एक वाजला, दोन वाजले. तिला वाटायला लागलं, तो फोन करणारच नाही. करायचा म्हणजे गाणी ऐकतो हे कबूल करायचं, त्यापेक्षा तो गप्प बसेल. सव्वातीनला फोन वाजला आणि सुधाकरचं नाव आलं. त्यांच्या ठरलेल्या फोनला अजून पाच तास होते.

“उल्का, जेवलीस का?”

“हो. तुम्ही?”

“केव्हाच. बरं, ते हॉलमधलं यंत्र बंद पडलंय.”

“कुठलं यंत्र?”

“ते गं, गोल. ओजसनं बसवलेलं. गाणी वाजवायचं. ओजसला विचारलं तर म्हणाला, आईकडं नंबर येतो.”

“तुम्ही लावता ते?”

“कधीतरी,” सुधाकर म्हणाला. “दुपारी.”

तिनं आकडे सांगितले, तो एकेक पुन्हा म्हणत दाबत गेला. गणिताचा माणूस, तरी एक आकडा चुकला, मग दुसरा नंबर मागवला. यंत्र लागलं. नाशिकच्या हॉलमधे काहीतरी टिंग वाजलं ते तिला रायपूरमधे ऐकू आलं.

“ते नदीपलीकडच्या गावाचं गाणं,” तिनं विचारलं, “ते तुम्ही लावायचात?”

“तुला कसं कळलं?”

“यादीत दिसतं.”

“हां. दिसतं ते. मलाही दिसतं.” त्याचा आवाज एकदम खाली आला, एखादी चोरून ठेवलेली गोष्ट सांगावी तसा. “तुला एक सांगू? आपली यामिनी माझ्यासाठी रोज एक गाणं लावून ठेवते. वर्ष झालं. सकाळी लावते, मी दुपारी कॉलेजातून आलो की आधी तेच ऐकतो. मग मीही एखादं लावतो. आम्ही बोलत नाही त्याबद्दल. बोललो तर उगाच अवघडेल ती. पण मला कळतं, पोरगी आठवण काढते.”

गप्प राहिलं तर चालणार होतं. तो उद्या पुन्हा दुपारी घरी येईल, तिनं लावलेलं गाणं ऐकेल आणि लेकीचं म्हणून खूश राहील. तिला फक्त हो म्हणायचं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “ती गाणी मी लावत होते.”

“तू?”

“हो. मला वाटलं, दुपारची ती गाणी यामिनीची आहेत. ती दुःखात आहे असं वाटलं मला. म्हणून.”

“मग यामिनी?”

“ती वापरतच नाही. दीड वर्ष झालं. तिचं वेगळं आहे.”

“अच्छा,” सुधाकर म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “अच्छा.”

त्या दुसऱ्या ‘अच्छा’त काय कोसळलं ते उल्काला ओळखू आलं, कारण दुपारी बारा वाजता पलंगाच्या कडेवर बसून तिचंही तेच कोसळलं होतं. आपण त्याच्यासाठी यामिनीइतक्या महत्त्वाच्या नाही, आणि तोही आपल्यासाठी तितका नाही, हे दोघांना एकदमच कळलं होतं आणि त्यात कुणाला कुणावर रागावता येत नव्हतं.

“बरं, ठेवतो,” तो म्हणाला. “दूध तापत ठेवलंय.”

साडेतीनला तो कधी दूध तापवत नसे.

पुढचे नऊ दिवस यादीत फक्त ओजसची गाणी होती. उल्कानं काही लावलं नाही, सुधाकरनंही नाही. अपघातानं एकमेकांचं पत्र वाचलेल्या माणसांसारखं दोघांना झालं होतं. रविवारचा फोन झाला, त्यात पाणी, गॅस, बाईंची सुट्टी एवढंच बोलणं झालं. दहाव्या दिवशी, बुधवारी, ती ऑफिसात नकाशे पसरून बसलेली असताना त्याचा फोन आला.

“नाताळात कॉलेजला पाच दिवस सुट्टी आहे. मी येऊ का तिकडे?”

तो एकदाही रायपूरला आला नव्हता. पहिल्या वर्षी ओजसची बारावी होती, नंतर ‘घर इथं आहे, तूच ये’ असं होत गेलं होतं.

“या ना,” उल्का म्हणाली. मग घरी येताना पंडरीत उतरून तिनं एक गादी, एक पांघरूण आणि प्लॅस्टिकची एक खुर्ची घेतली. रिक्षातून ते सामान उतरवताना मायानं पाहिलं.

“पाव्हणे येऊन राहिले का कोणी?”

“आमचे हे येताहेत.”

“आता बाई! मंग सांगाले नाही काय? मी त समजत होतो...” माया मधेच थांबली. काय समजत होती ते तिनं सांगितलं नाही, उल्कानंही विचारलं नाही.

सुधाकर आला तेव्हा तिला तो बारीक वाटला. फोनवर शरीर दिसत नाही. पहिले दोन दिवस दोघं पाहुण्यासारखी वागली. तो आंघोळीला जाण्याआधी विचारायचा, ती भाजी करण्याआधी विचारायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ्याकाठी बाकावर बसल्यावर तो आपणहून बोलायला लागला.

“ओजस गेला ना पुण्याला, त्या दिवाळीतली गोष्ट. सुट्टी संपवून परत गेला आणि दुसऱ्याच दिवशी मी जेवत होतो. एकदम हॉलमधे गाणं सुरू झालं. मी घाबरलो. उठून बघितलं तर ते यंत्र. पोरानं तिकडं पुण्यात बसून चुकून कुठलं तरी बटण दाबलं होतं, त्याचं गाणं आपल्या हॉलमधे वाजत होतं. भयंकर गाणं होतं, नुसता धडधडाट. पण मी बंद केलं नाही. पानावर तसाच बसून राहिलो. कुणीतरी आलंय घरात असं वाटलं. दोन-तीन मिनिटांनी त्याला चूक कळली असणार, बंद झालं. मग ते इतकं शांत झालं, उल्का, की मी स्वतःच काहीतरी लावलं.”

“मला का नाही बोललात?”

“काय बोलू? मजेत आहे म्हणत होतो ना.”

उल्का पाण्याकडे बघत राहिली. “मीही तेच म्हणत होते,” ती म्हणाली.

थंडी वाजायला लागली तशी ती उठली. त्यानं गाडीवरून गरम दाणे घेतले, पुडी तिच्या हातात दिली, आणि दोघं दाणे खात हळूहळू घरी आली. त्यानं विचारलं, बदली कधी मिळेल? ती म्हणाली, अजून दोन वर्षं तरी नाही. त्याची निवृत्ती तीन वर्षांवर होती. दोघांनी मनात आकडे जुळवले, सोडून दिले.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. स्टेशनवर त्यानं खिडकीतून हात हलवला नाही, सामान लावण्यात गुंतला होता. गाडी सुटल्यावर डबा पुढे गेला तेव्हा तो दारात येऊन उभा दिसला, पण तोवर त्याचा चेहरा दिसू नये इतकं अंतर पडलं होतं.

उल्का परत आली तेव्हा माया अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

“गेले काय साहेब?”

“गेले.”

“आता दोन-चार दिवस घर खायले उठते. एकटं राहणाऱ्याले काही वाटत नाही, पण कोणी येऊन गेलं की लई कठीण जाते. खालीच जेवा आज.”

“नाही मायाताई, आहे केलेलं.”

केलेलं काही नव्हतं. तिला फक्त वर जायचं होतं. वर येऊन तिनं दिवा लावला. गादी गुंडाळून कोपऱ्यात ठेवावी की असू द्यावी याचा विचार करत ती उभी राहिली, तेवढ्यात फोन वाजला.

“दुर्ग आलं,” सुधाकर म्हणाला.

“काही विसरलं का?”

“नाही. काही नाही. असंच केला.”

“बरं,” उल्का म्हणाली. मग घाईनं, तो ठेवेल या भीतीनं, म्हणाली, “जागा खिडकीची मिळाली ना? शेजारी कोण आहे?”

तो सांगायला लागला, एक म्हातारे गृहस्थ आहेत, गोंदियाला उतरणार, त्यांनी मोठी टोपली आणलीय, त्यात काय आहे ते काही सांगत नाहीत. बोलता बोलता आवाज तुटायला लागला. गाडी हलली असावी. “हॅलो, हॅलो,” तो म्हणाला, आणि फोन गेला.

तिनं थोडा वेळ फोन हातात धरून ठेवला. पुन्हा आला नाही. मग तिनं एका माणसापुरते तांदूळ धुतले आणि गॅस पेटवला.